पासिंगचा सेट

२०२२ साल होतं आणि मी एक्काहत्तर वर्षांचा होतो. गॅरेज बंद करून चार वर्षं झाली होती, पण आडगाव नाक्यावर चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर माझी जागा ठरलेली होती. सकाळी नऊ ते अकरा. ज्याला जुनी गाडी घ्यायची असेल तो ती मला दाखवायला तिथं आणायचा. मी शाळा चौथीत सोडली. पेपर वाचायला मला अजून वेळ लागतो. पण गाडीच्या पासिंगची फाइल मी मांडीवर घेतली की कॉलेज शिकलेली माणसं गप्प बसून ऐकायची. त्याचा मला गर्व होता.

दिवाळी अंकवाले म्हणाले, मिस्तरी, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. दोन गमती सांगतो. मग जी गंमत नाही ती सांगतो.

पासिंग म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. माल वाहणारी, पिवळ्या नंबर प्लेटची गाडी असली की तिला ठरलेल्या मुदतीत तपासणीला न्यावं लागतं. नवी असताना मुदत लांब असते, जुनी झाली की दरवर्षी. तिथं आरटीओचे साहेब टायर बघतात, दिवे लावायला सांगतात, गाडी पळवून ब्रेक मारायला लावतात. पास झाली तर पुढच्या मुदतीचा कागद मिळतो. नापास झाली तर शेरा लिहून परत. दुरुस्त करा आणि पुन्हा आणा.

जुनी गाडी बघणारे लोक आधी रंग बघतात. मग सीट दाबून बघतात. मग इंजिन चालू करून कान देतात, जसं काही त्यांना त्यातलं कळणार आहे. रंग आठवड्यात मारून होतो. सीटवर कव्हर चढतं. थकलेल्या इंजिनात घट्ट ऑइल ओतलं की तेही चार दिवस गुमान चालतं. मी म्हणायचो, बोनेट राहू द्या, फाइल काढा. फाइलीतल्या तारखा सांगतात की मालकानं गाडीला कसं वागवलं.

येवल्याचे एक पैठणीचे व्यापारी व्हॅन दाखवायला आले होते. गाडी नवरीसारखी सजवलेली. फाइलीत एका पासिंगची मुदत संपल्यावर पुढचं पासिंग सात महिन्यांनी. मी विकणाऱ्याला विचारलं, हे सात महिने गाडी कुठं होती? तो म्हणाला, गावाला होती, बंद होती, एक किलोमीटर चालली नाही. त्याला वाटलं हे ऐकून मी खूश होईन. मी मागची चटई उचलली आणि तळाच्या पत्र्यावर अंगठा दाबला. अंगठा आरपार गेला आणि खालचा रस्ता दिसला. झाडाखाली उभी राहिलेली गाडी पोटातून गंजते. मी व्यापाऱ्यांना म्हटलं, शेठ, येवल्यापासून नाशिकपर्यंत पैठण्या पेरत आला असता. ते अजून दिवाळीला फोन करतात.

दुसरे होते ओझरच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी आणलेल्या गाडीच्या फाइलीत तीन वेळा नापासचा शेरा होता. एकदा दिवे, एकदा स्टेअरिंग, एकदा ब्रेक. मला म्हणाले, नकोच ना ही? मी म्हटलं, हीच घ्या.

"अहो मिस्तरी, तीनदा नापास झालीय."

"म्हणजे तीनदा कुणीतरी खोललीय. जी कधीच नापास होत नाही तिला कुणी हात लावलेला नसतो."

ती गाडी त्यांचा जावई अजून चालवतो. ज्या फाइलीत एकही नापास नाही, तिच्याकडे मी वाकड्या नजरेनंच बघायचो. असं मी टपरीवर सांगायचो आणि ऐकणारे माना डोलवायचे. मला हे सगळं कुठून कळलं असं मात्र कुणी विचारलं नाही. कुणी सांगितलं म्हणून कळलं नव्हतं. तशा फायली मी स्वतः घडवल्या होत्या.

माझ्या गॅरेजच्या मागच्या भिंतीला एक सेट टांगलेला असायचा, वर गोणपाट. चार चांगले टायर, दोन आरसे, एक हॉर्न, मागच्या ब्रेकचे दोन ड्रम आणि त्यांच्या शूंच्या जोड्या. ड्रम म्हणजे चाकाच्या आतलं लोखंडी भांडं. ब्रेक दाबला की त्याच्या आतून शू फाकतात आणि त्याला घट्ट धरतात, म्हणून चाक थांबतं. आमच्याकडं येणाऱ्या बहुतेक व्हॅन एकाच जातीच्या, त्यामुळे एकाचा ड्रम दुसऱ्याला बसायचा. ज्याचं पासिंग आज आहे आणि सामान मुंबईहून यायला आठ दिवस आहेत, त्याला मी सकाळी सेट चढवून द्यायचो. दुपारी तो पास होऊन यायचा, मी सेट उतरवून त्याचं जुनं सामान परत लावायचो आणि सांगायचो, आठ दिवसांनी ये, पक्कं काम करू.

सुरुवात अशी झाली होती. माणूस अडला होता, त्याचा धंदा बुडू नये एवढंच मनात होतं. काही आठ दिवसांनी आले. काही पुढच्या वर्षी, पासिंगच्या दिवशीच आले. मग मी आठ दिवसांचं बोलणंच सोडून दिलं. सेट कुणी बदलून नेऊ नये म्हणून मी प्रत्येक ड्रमच्या पाठीवर छिन्नीनं तीन ठिपके मारून ठेवले होते. गॅरेज बंद केलं तेव्हा जागा सोडली, पण हत्यारं आणि सेट माझ्या शागिर्दाला दिले, सुदामला. त्यानं अंबडला स्वतःचं गॅरेज काढलं होतं. त्या दिवशी मी आशीर्वाद म्हणून त्याच्या हातात नारळ ठेवला आणि म्हटलं, हा सेट सांभाळ, यानं खूप लोकांचं भलं केलंय. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

आता कुसुमचं.

श्रावणात मखमलाबादचे दगडूआबा टपरीवर आले. त्यांची झेंडूची आणि शेवंतीची शेती. त्यांच्या टेम्पोचं काम मी कधीकाळी केलेलं. बरोबर सून होती, कुसुम, चाळिशीची. टेम्पोवाला रोज उशिरा यायचा आणि बाजार उतरल्यावर यांची फुलं पोचायची. तिनं ठरवलं होतं की स्वतःची व्हॅन घ्यायची आणि स्वतः चालवायची. दिंडोरीला भावाच्या गाडीवर शिकून तिनं लायसन काढलं होतं. आबांना ते पसंत नव्हतं, पण मुलगा निवृत्ती बायकोच्या बाजूनं होता, म्हणून आबा एवढ्यावर आले होते की मिस्तरींनी हो म्हटलं तरच गाडी घ्यायची.

गाडी अकरा वर्षांची. आधीच्या मालकाचा पाव-खारीचा धंदा होता. मी बाकावर बसून फाइल उघडली. टपरीवर सात-आठ जण होते, म्हणून मी मोठ्यानं वाचायला लागलो. तारखा एकाला एक लागून, कुठं खंड नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पासिंगला एक नापास: मागचे ब्रेक कमी. तिसऱ्या दिवशी पास. आणि त्याला टाचलेलं गॅरेजचं बिल, ब्रेकचं काम केल्याचं. बिलावर सुदामचं नाव.

मला जे समाधान वाटलं ते काय सांगू. मी ते बिल सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, बघा, नापास झाली, दुरुस्त झाली, आणि दुरुस्त कुणी केली, तर माझ्या हाताखालच्या पोरानं. यापेक्षा सरळ फाइल मी बघितली नाही.

कुसुम म्हणाली, "तात्या, एकदा मागचं चाक खोलून बघता का? पान्हे आहेत गाडीत."

"कशाला?"

"तसं नाही, पण ब्रेकचंच लिहिलंय ना. डोळ्यानं बघितलेलं बरं."

सात-आठ जण ऐकत होते. मी फाइल मिटली आणि तिच्या हातात दिली. "माझ्या शब्दावर भरवसा नसेल तर दुसरीकडं दाखव. मी पंचेचाळीस वर्षं चाकंच खोलली. आता कागद बघून कळतं मला."

आबा तिच्यावर वसकले. "मिस्तरी सांगतेत ना? मोठ्या माणसाला शिकवायचं नाय."

तिनं फाइल पिशवीत घातली. मी चहा मागवला. गाडी ठरली.

दोन महिने तिनं गाडी चालवली. सकाळी पाच-साडेपाचला ती फुलबाजारात असायची. बाजारातली माणसं मला सांगायची, तात्या, तुमची फुलवाली काय मस्त गाडी लावते, उलटी घेऊन एका दमात. तुमची म्हणायची. मला बरं वाटायचं.

दसऱ्याच्या आदल्या पहाटे तिनं गाडी झेंडूच्या क्रेटनी गच्च भरली. पाववाल्याकडं असताना तिच्यात वजन असं नव्हतंच. निवृत्ती शेजारी बसला होता. नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर तिनं ब्रेक दाबला आणि पेडल तळाला जाऊन बसलं. पुढं उतारावर फुलं घेऊन निघालेल्या बायका चालत होत्या. तिनं हॅंडब्रेक ओढला, गाडी डावीकडं घातली आणि बांधकामाच्या विटांच्या थप्पीवर नेऊन मारली. बायकांना काही झालं नाही. निवृत्तीला खरचटलं. तिचा उजवा हात स्टेअरिंग आणि दरवाजा यांच्यात अडकला. मनगट मोडलं आणि दोन बोटांच्या नसा तुटल्या.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा तिच्या हाताला पट्ट्या होत्या आणि ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. आबा बाहेर बाकड्यावर.

मला बघून म्हणाले, "मिस्तरी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. गाडी तुम्ही चांगलीच बघून दिली होती. लय शहाणी झाली होती ही. उतारावर सारखा ब्रेकवर पाय ठेवून जळवला आसंल. बाईच्या हातात गाडी दिली ती चूक माझी."

निवृत्ती म्हणाला, "आबा, ती तशी चालवत नाही."

"तू गप रे. मिस्तरी, तुम्ही सांगा. होतं का नाय आसं?"

दाराच्या आत ती ऐकत होती, हे मला माहीत होतं. असं होऊ शकतं, हे खरंच आहे. सारखा पाय ठेवला तर ब्रेक तापतात. मी तेवढंच खरं धरलं आणि मान हलवली.

या एका मानेबद्दल मी जास्त काही लिहिणार नाही. लिहिता येत नाही. आयुष्यात मी कागदावर खोटं बसवून दिलं, पण तोंडानं कधी बोललो नाही, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. तेही त्या दिवशी संपलं.

पंधरा दिवसांनी आबांचा निरोप आला. गाडी ओढून आणून त्यांच्या खळ्यात उभी केली होती. पुढचा पत्रा चेपला होता, पण इंजिन चालू होत होतं. आबांना ती विकून टाकायची होती.

"तुमच्या शब्दावर गिऱ्हाईक येईल," म्हणाले. "सुनेला पुन्हा गाडीवर बसवणार नाय मी."

गिऱ्हाईक आणायचं म्हणजे काय काय मोडलंय ते बघायला हवं होतं. आबा मळ्यात गेल्यावर खळ्यात दुसरं कुणी नव्हतं. कुसुम पडवीत बसून डाव्या हातानं शेवंतीचे देठ मोडत होती. उजवा हात मांडीवर पडलेला. दोन बोटं सरळ राहिली होती, वळत नव्हती. त्या हातानं ती आधी सकाळभरात शंभर गजरे ओवायची, असं निवृत्तीनं मला सांगितलं होतं.

मी जॅक लावला आणि मागचं डावं चाक खोललं.

शूवर लायनर, म्हणजे ड्रमला धरणारं अस्तर, उरलाच नव्हता. नुसतं लोखंड. ते ड्रमला घासून घासून आतमध्ये खाचा पडल्या होत्या, करंगळीचं पेर बसेल एवढ्या, आणि ड्रमच्या काठाला उभी धार आली होती. शू इतका झिजला की त्याला ढकलणारा दट्ट्या प्रमाणाबाहेर आला, तेल गळलं, आणि भरल्या गाडीनं उतारावर ब्रेक मागितला तेव्हा पेडल खाली बसलं. अशी धार दोन महिन्यांत येत नाही. पाय ठेवून जळवलेला ब्रेक असा दिसत नाही. तो निळा पडतो. हा ड्रम दोन वर्षांपूर्वी नापास झाला तोच होता. त्यानंतर ही गाडी दोनदा ब्रेकला पास झाली होती.

दोनदा पास झाली म्हणजे दोन्ही वेळा तिथं दुसरा ड्रम होता.

मला कुणाला काही विचारायची गरज नव्हती. तरी मी तो ड्रम पोत्यात घातला, गाडीतली फाइल काखेत मारली आणि कुसुमला म्हटलं, हे नेतो, उद्या आणतो. तिनं मान वर केली नाही. संध्याकाळी मी सुदामच्या गॅरेजात गेलो. त्यानं खुर्ची पुसून दिली. मी बसलो नाही. मागच्या भिंतीपाशी जाऊन गोणपाट उचललं. चार टायर, दोन आरसे, हॉर्न. ड्रम खाली उतरवून उलटा केला. तीन ठिपके.

सुदाम मागं येऊन उभा राहिला. "काय झालं उस्ताद?"

मी पोत्यातला ड्रम त्याच्या पुढ्यात ठेवला आणि पाववाल्याच्या गाडीचं सांगितलं.

त्यानं ड्रम उजेडाकडं धरून खाचा बघितल्या. मग म्हणाला, "त्याला दुसऱ्या दिवशी पाव पोचवायचे होते. नवीन ड्रम मिळत नव्हता. पंधरा दिवसांनी ये म्हटलं होतं. आला नाही. पुढच्या वर्षी पासिंगलाच आला."

"मग बिल कशाचं दिलंस? ब्रेकचं काम म्हणून?"

"केलं ना काम. चढवला, उतरवला." मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "तुम्ही पण असंच बिल द्यायचे उस्ताद. मीच लिहायचो ते. तुम्ही म्हणायचे, ज्याला पासिंग पाहिजे त्याला पासिंग द्यायचं, ज्याला ब्रेक पाहिजे त्याला ब्रेक."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. शिकवलेला धडा म्हणून दाखवावा तसं तो बोलला. मी त्याला एक थोबाडीत द्यावी एवढा माझा हात शिवशिवला, पण ती ज्या गालावर बसायला हवी होती तो माझा होता.

"पोलिसात जाणार का?" त्यानं विचारलं.

"मला आधी दुसरीकडं जायचंय. हा ड्रम पण नेतो."

"सेटमधला? परवा एकाचं पासिंग आहे, उस्ताद."

"त्याला सांग, सुदामकडं ब्रेक मिळतो. पासिंग मिळत नाही."

तो हसला नाही. गोणपाट पुन्हा नीट पसरून घातलं त्यानं. सेट तो अजूनही वापरतो की नाही, मला माहीत नाही. मी परत त्या गॅरेजात गेलो नाही, आणि तोही आला नाही. माझ्या हाताखाली एकोणीस वर्षं होता.

घरी येऊन मी दोन्ही ड्रम मोरीत धुतले. बायको म्हणाली, कशाला सांगता, झालं ते झालं, तुमचं नाव जाईल नाक्यावरचं. ती चुकीचं बोलत नव्हती. मी सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. आबांनी गाडी विकली असती, कुसुमनं जन्मभर ऐकून घेतलं असतं की हिच्यानं गाडी झेपली नाही, आणि मी बाकावर बसून फायली वाचत राहिलो असतो. ती फाइल मी रात्रभर उशाशी ठेवली होती. एवढी नीटनेटकी फाइल. ती खोटी आहे हे ज्याला सगळ्यांत आधी दिसायला पाहिजे होतं, तोच तिच्यावर सगळ्यांत जास्त भाळला. कारण त्यात त्याला आपलाच हात दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोतं रिक्षात घालून मी मखमलाबादला गेलो. आबा खळ्यात खाटेवर बसले होते, निवृत्ती फुलांवर पाणी मारत होता, कुसुम पडवीतच. मी दोन्ही ड्रम आबांपुढं जमिनीवर मांडले.

"आबा, यात बोट घाला."

"काय आहे?"

"आधी घाला."

आबांनी खाचेत बोट फिरवलं. मग मी दुसऱ्यात घालायला लावलं, ठिपकेवाल्यात. तो आतून गुळगुळीत होता. मग मी सगळं सांगितलं. सेट कुणाचा, शिकवलं कुणी, चाक खोलायला कोण सांगत होतं आणि कोण नाही म्हणालं. दवाखान्यातली मान पण सांगितली.

आबा एवढंच म्हणाले, "मिस्तरी, तुमच्याकडनं ही आपेक्षा नव्हती." आणि उठून मळ्यात निघून गेले. निवृत्तीनं पाण्याचा पाइप तसाच टाकून दिला होता, पाणी वाहून चाललं होतं. तो आत गेला, देवघरामागच्या खिळ्यावरची गाडीची किल्ली आणली आणि कुसुमच्या पुढ्यात, देठांच्या ढिगावर ठेवली.

कुसुमनं किल्लीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "मी म्हटलं होतं, चाक खोला."

"म्हटलं होतंस."

मला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी गाडीपाशी गेलो, पुढच्या चाकाला दगड लावला, जॅक सरकवला आणि मागचं उजवं चाक खोलायला घेतलं. गुडघे उकिडवं बसू देत नव्हते, म्हणून जमिनीवर मांडी घातली. ते झाल्यावर पुढचं उजवं. एकेक भाग धुऊन फडक्यावर मांडत गेलो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा हात पुसून उठायला लागलो.

पडवीतून ती म्हणाली, "पुढचं डावं राहिलं."

मी परत खाली बसलो.